पावसाळ्यात गुळाची ढेप उघडी नको

छत्रपती संभाजीनगरच्या मोंढ्यात गौरी-गणपतीला गुळाची मागणी वाढते, नेमकी भर ओलाव्याच्या दिवसांत. बहुतेक गुऱ्हाळे उन्हाळ्यातच थंडावतात, त्यामुळे मोदकात पडणारा गूळ बहुधा काही महिने साठवलेलाच असतो. तो वयाने कमी आणि दमट हवेने जास्त बिघडतो. गुळातले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज हवेतले पाणी ओढून घेतात. मग ढेपेला पाझर सुटतो, कडा काळवंडतात, बारदान चिकटते, आंबूस वास येतो आणि शेवटी बुरशी धरते. जुना गूळ पथ्यकर, असे आयुर्वेद सांगतो हे खरे. पण तो कोरडा राखलेला जुना गूळ. पाझरलेल्या ढेपेला ते प्रशस्तिपत्र लागू होत नाही. झाकून ठेवायला खर्च येतो, ही दुकानदारांची अडचणही मान्य. तरी जाड प्लास्टिकचे वेष्टन आणि जमिनीपासून उंच फळी हा खर्च फेकाव्या लागणाऱ्या ढेपेपेक्षा कमीच. उलट आपण ग्राहक ढेपेचा कोरडेपणा पाहण्याऐवजी पिवळाधमक रंग मागतो आणि त्यासाठी हायड्रोस ही रंग उजळवणारी पावडर वापरली जाते. ढेप किती काळ साठवलेली आहे हे रंगावरून कळत नाही, म्हणून सरकारने तिच्यावर गाळपाचा महिना लिहिणे बंधनकारक करावे. घरी गूळ फोडून कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि ओला चमचा त्यात घालू नका.