मामा, ढाल काय मोजते?

शनिवारी रात्री भाच्याने मला 'डोटा २'मध्ये धुतलं. पैज मिसळीची. नाशिकात दुसरी कसली असणार! माझी लीना, त्याची टेम्प्लर असॅसिन. मी 'लगूना ब्लेड' सोडला, म्हणजे विजेचा एकच सणसणीत फटका. त्याला ओरखडासुद्धा नाही!

"मामा, रिफ्रॅक्शन डॅमेज मोजत नाही, फटके मोजतं."

म्हणजे फटका ५०० चा असो की २० चा, ढालीचा एकच थर जाणार. इथे व्हेनोमॅन्सरचं विष भारी. प्रत्येक चटक्याला एक थर सोलतं. बाकी बऱ्याच ढाली मात्र एकूण डॅमेज शोषतात. तिथे २०० एकदम द्या नाहीतर २० चे १० फटके, हिशेब तोच.

बूस्टचंही तसंच, बॉस. २० टक्के वाढ दोन्हीकडे २४०. पण 'दर फटक्याला ५ जादा' असेल तर एका फटक्याचे २०५, दहांचे २५०. आणि दर फटक्याला ५ कापणारं चिलखत समोर आलं तर १९५ आणि १५०. दिवसभर एक्सेल बडवणाऱ्या माणसाला हे सुचू नये?

दुसऱ्या डावात व्हेनोमॅन्सर घेतला आणि जिंकलो. तर म्हणे, पैज पहिल्या डावाची होती! रविवारी मिसळीचे पैसे मीच दिले. जादा पावाचेही.