माग थांबला, हे बरे झाले

भिवंडीच्या एखाद्या कारखान्यात साध्या यंत्रमागापाशी उभे राहून पाहा. धोट्यातल्या कांडीचा धागा तुटला, की एक छोटा काटा ते ओळखतो आणि माग थांबतो. पण ताण्यातला उभा धागा तुटला, तर पुष्कळशा जुन्या मागांना त्याचा पत्ताच लागत नाही. माग खडखडत राहतो आणि कापडात एक बारीक उभी रेघ पडत जाते. विणकराची नजर गेली तर ठीक. नाही तर ती सापडते थेट ताग्याची घडी घालताना. 2013 मध्ये केंद्र सरकारने साधे यंत्रमाग जागच्या जागी सुधारण्याची योजना सुरू केली. तिच्यात ताणा तुटताच माग थांबवणाऱ्या यंत्रणेचाही समावेश होता. प्रत्येक उभ्या धाग्यावर एक पातळ पोलादी पट्टी लटकवायची. धागा तुटला, की पट्टी पडते आणि माग बंद होतो.

आता संगणकाकडे वळू. बोरलंड कंपनीचे टर्बो-सी 1987 मध्ये आले आणि आपल्याकडील महाविद्यालयांत कितीतरी वर्षे चित्रे काढण्याचे धडे त्यावरच गिरवले गेले. डॉस प्रणालीवर चालणारी अशी आज्ञावली पडद्याच्या स्मृतीत थेट रंग लिहू शके. तिला अडवणारे कोणी नव्हते. हीच आज्ञावली लिनक्सवर, म्हणजे युनिक्सच्या घडणीच्या प्रणालीवर नेली, की आधी ती तेथील चित्रसाधनांना जुळवून घ्यावी लागते. तेवढे करून ती सुरू करावी, तर 'सेगमेंटेशन फॉल्ट' एवढे दोन शब्द उमटतात आणि सारे संपते. मग तक्रार ठरलेली: "तिकडे छान चालत होती, लिनक्सवर चालत नाही!"

ही तक्रार मला मान्य नाही. आज्ञावली तिकडेही बहुधा सदोषच होती; फक्त तिकडच्या मागाला पट्ट्या नव्हत्या. लिनक्समध्ये प्रत्येक आज्ञावलीला स्मृतीचा स्वतःचा वाटा मिळतो. वाट्याबाहेर हात घातला, की प्रक्रियकातील यंत्रणा तो पकडते आणि प्रणाली आज्ञावली थांबवते. 1980 च्या दशकात हाच अनुभव मोठमोठ्या प्रोग्रामरांनीही घेतला. व्हॅक्स संगणकावरील युनिक्समध्ये शून्य क्रमांकाच्या पत्त्यावरून वाचले तरी निभावत असे. तशा सवयीने लिहिलेल्या आज्ञावल्या सन कंपनीच्या संगणकांवर नेताच कोसळू लागल्या. दोष जुनाच होता, उघडा मात्र नव्या ठिकाणी पडला.

तरीही आज्ञावली जिथे पडली तिथेच दोष आहे, असे समजण्याची घाई करू नये. 1984 मध्ये एमआयटीत जन्मलेली एक्स विंडो प्रणाली पाहा. युनिक्सच्या जगात पडद्यावर चित्र काढण्याचे काम पुष्कळ वर्षे तिनेच सांभाळले. तिच्यात चित्र काढणारा कार्यक्रम वेगळा आणि ते मागणारी तुमची आज्ञावली वेगळी. तुमच्या मागण्या साठवून एकदम पाठवल्या जातात. त्यांतली एखादी चुकीची असेल, तर 'चूक' असे उत्तर येईपर्यंत तुमची आज्ञावली बरीच पुढे गेलेली असते. दोष दहाव्या ओळीत आणि बोभाटा चाळिसाव्या! ताग्यात रेघ जिथे दिसली तिथे डोके खाजवून काय उपयोग? ती सुरू कुठे झाली, हे तागा उलगडत मागे जाऊनच पाहायला हवे. त्यासाठी एक्समध्ये प्रत्येक मागणीचे उत्तर मिळेपर्यंत थांबण्याची सोय आहे. काम फार मंदावते, पण बोट नेमक्या ओळीवर पडते.

आमच्या प्रयोगशाळांतून मात्र वेगळेच चालते. विद्यार्थी एक ओळ खोडतो, दुसरी वर-खाली करतो आणि आज्ञावली पडायची थांबली, की वहीवर शिक्षकांची सही होते. दोष गेला की नुसता सरकला, हे कोणी विचारत नाही. शिक्षकांनी गुण पडद्यावरच्या चित्राला द्यावेत त्याहून अधिक दोष शोधण्याच्या नोंदीला द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. जीडीबी नावाचे साधन विनामूल्य मिळते. आज्ञावली कोणत्या ओळीवर पडली आणि तिथवर कोणकोणत्या फलनांतून आली, ते सारे ते उलट्या क्रमाने सांगते. ती यादी वाचता येणे मला पाढ्यांइतके आवश्यक वाटते.

लिनक्सचा पहारा सर्वव्यापी आहे, असेही नाही. तो स्मृतीच्या पानापानांवर असतो आणि एक पान बहुधा 4096 बाइटांचे असते. एकाच पानातल्या शेजाऱ्यावर तुम्ही अतिक्रमण केले, तर तो गप्प राहू शकतो. पुढच्या तासाला हा प्रयोग करा. 640 ठिपक्यांच्या ओळीसाठी 640 बाइटांची जागा मागून घ्या. तिचे क्रमांक 0 ते 639. आता मुद्दाम 640 व्या क्रमांकावर लिहा. आज्ञावली बहुधा मुकाट्याने चालेल. मग तीच व्हॅलग्राइंड या साधनाखाली चालवा. प्रत्येक धाग्यावर पट्टी लटकवावी तसे ते प्रत्येक बाइटावर लक्ष ठेवते. वेग अनेक पटींनी कमी होईल, पण आगंतुक लेखन कोणत्या ओळीने केले आणि ती जागा कोणत्या ओळीत मागितली होती, हे दोन्ही ते छापून देईल. त्याआधी तुमचा अंदाज मात्र वहीत लिहून ठेवा.