संध्याकाळी घरी, मग पुढे?

अंधेरी-बोरिवली असो की घाटकोपर-मुलुंड, लोकलच्या डब्यात मूळव्याधीची जाहिरात हमखास दिसते. टाके नाहीत, दुखणं नाही, संध्याकाळी घरी! संध्याकाळी घरी सोडण्याला माझी हरकत नाही. मोडांचं ऑपरेशन डे-केअरमध्ये सुखरूप होतं. हरकत आहे ती पुढच्या पंधरवड्याबद्दल पाळल्या जाणाऱ्या मौनाला.

उशिरा होणारा मोठा रक्तस्राव बहुधा 7 ते 14 दिवसांत होतो. बांधलेल्या जागेची खपली तेव्हा सुटते. शंभरात एखाद-दोघांनाच होतो, मान्य. पण अशा रात्री डे-केअरचं शटर खाली असतं आणि हातातलं डिस्चार्ज कार्ड म्हणतं: मऊ आहार, इसबगोल, कोमट पाण्यात बसणे, आठवड्याने दाखवणे. गुठळ्या पडू लागल्या तर राजावाडी किंवा कूपर रुग्णालय गाठायचं की सकाळची वाट पाहायची, यावर अक्षर नाही.

ओटीपोटात पसरणारा जंतुसंसर्ग याहून कितीतरी दुर्मीळ. वाढती वेदना, ताप, लघवी अडणं. एकेकटं लक्षण किरकोळ वाटतं, म्हणून माणूस आणखी एक पेनकिलर घेऊन झोपतो. तिन्ही एकत्र आली तर तासांचा प्रश्न असतो. नव्या तंत्रात हे होत नाही म्हणावं, तर इटलीच्या लोंगोंनी 1998 मध्ये मांडलेल्या, कमी दुखणाऱ्या स्टेपलर पद्धतीनंतरच्या जीवघेण्या संसर्गाची नोंद 2000 मध्येच 'लॅन्सेट'मध्ये आली. ओपीडीत लावल्या जाणाऱ्या रबर बँडनंतरही तो झालेला आहे.

ही लक्षणं कार्डावर लिहा म्हटलं, तर डॉक्टरमंडळी समीरा कोहली खटल्याचा दाखला देतील. दूरच्या, क्वचित संभवणाऱ्या धोक्यांनी रुग्णाला घाबरवायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये म्हटलंच आहे. पण तो निकाल ऑपरेशनपूर्व संमतीचा. ऑपरेशन झालेल्या माणसाने परत कधी यायचं, हे सांगण्याआड तो येत नाही.

आणि घाबरून रुग्ण जडीबुटीवाल्याकडे पळेल म्हणता? अवघड जागेचं दुखणं बायकोपासूनही वर्षानुवर्षं लपवणारा माणूस भीतीने नव्हे, लाजेने घरी थांबतो. 'इतकं तर होणारच' असं तो स्वतःलाच समजावतो. त्याला परत येण्याची लेखी मुभाच हवी. (या धोक्यांपायी गरजेचं ऑपरेशनही टाळणारे तितकेच चूक, अंगातलं रक्त कमी होईपर्यंत सोसण्यात शहाणपण नाही.)

तेव्हा घरी निघण्याआधी कार्डावर दोन गोष्टी लिहून मागा: कोणत्या लक्षणांना लगेच यायचं आणि रात्री उचलला जाणारा फोन नंबर.