पिंपाला परकर

गेल्या भाद्रपदात आमचा सात वर्षांचा नातू डेंग्यूच्या तापाने नऊ दिवस अंथरुणावर होता. चौथ्या दिवशी ताप उतरला म्हणून आम्ही देवापुढे साखर ठेवली, आणि त्याच संध्याकाळी त्याच्या पोटात दुखू लागले, ओकाऱ्या सुरू झाल्या. या आजारात ताप उतरतानाचेच दिवस धोक्याचे असतात, हे तेव्हा कळले. तालुक्याला नेले, सलाइन लागले, रक्त दोनदा तपासले. पोर वाचले. पण मला एक कोडे सुटेना. दिवेलागणीला दारे-खिडक्या लावत होतो, मच्छरदाणी एक रात्र चुकली नव्हती. मग हा डास घरात शिरला कुठून?

शिरला नव्हताच. तो आमच्याच मोरीजवळच्या पिंपात जन्मला होता.

दर्यापूरकडच्या बायांना पाण्याचे दुखणे मी काय सांगावे! पूर्णेच्या खोऱ्यातला आपला हा खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. शहानूर धरणाचे पाणी नळाला आले की पिंप, रांजण, हंडे, बादल्या, सारे काठोकाठ भरून ठेवायचे. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करा, असे आरोग्य खात्याचे लोक सांगतात, आणि ते बरोबरच सांगतात. पण आमच्या शेजारच्या म्हातारीने त्यांना तोंडावर विचारले, “पानी आठा दिवसानं येते बाप्पा, तं कोरड्या दिवशी लेकराले पाजू काय?” तिचेही खोटे नव्हते.

डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही, त्याला आपल्यासारखेच स्वच्छ पाणी लागते. मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या आतल्या अंगाला अंडी चिकटवते. ती काळी, बारीक, खसखशीहून लहान. पिंप रिकामे केले तरी ती कित्येक महिने कोरडी जिवंत राहतात आणि पाणी चढले की फुटतात. अंड्यापासून उडता डास व्हायला पावसाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात. आणि मुख्य म्हणजे हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि दिवस कलताना. लेकरू त्या वेळी मच्छरदाणीत नसते, अंगणात असते.

मच्छरदाणीला मी नावे ठेवत नाही. १८९७ साली रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेस डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. पुढे १९०० साली सॅम्बन आणि लो नावाचे दोन डॉक्टर इटलीत रोमजवळच्या ओस्तियाच्या दलदलीत, जाळ्या लावलेल्या लाकडी झोपडीत हिवतापाचा सारा हंगाम राहिले. सूर्य मावळायच्या आत झोपडीत जायचे, उजाडल्यावर बाहेर यायचे, एवढाच नेम. क्विनिनची गोळी घेतली नाही, तरी त्यांना हिवताप आला नाही. हिवतापाचा डास रात्रीचा, म्हणून त्यांचा आडोसा माणसाभोवती होता. आपला हा डास दिवसाचा. दिवसभर माणसाला जाळीत कोंडता येत नाही, तेव्हा जाळी पाण्याला लावायची.

आता म्हणाल, झाकण तर आहेच की! आमच्याही पिंपाला पत्र्याचे होते. चेमटलेले, एका बाजूने दोन बोटे उचललेले. शिवाय दिवसातून वीस वेळा पाणी काढायचे. अठरा वेळा झाकण परत ठेवले तरी दोन वेळा राहतेच. हात पिठाचे असतात, काखेत लेकरू असते. जे झाकण दर वेळी आठवणीने लावावे लागते, ते झाकण नव्हेच. म्हणून मी आधी तोटी बसवून घेतली. बुडापासून चार बोटे वर भोक, आतबाहेर रबरी वायसर, आणि पिंप दोन दगडांवर चढवले. तोंड उघडायचे कामच संपले.

मग वरचे कापड. दोनशे लिटरच्या पिंपासाठी जुन्या धोतराचा सुमारे एक मीटर लांब-रुंद दुहेरी तुकडा गोल कापला, कडेला परकरासारखा नेफा शिवून त्यात नाडी ओवली. इलॅस्टिक घालून पाहिले होते, ते एका उन्हाळ्यात सैल पडले. नाडीचे बरे असते. आज पिंपाला, उद्या रांजणाला, जिथे बांधाल तिथे आवळते. पहिल्याच आठवड्यात एक खोट दिसली. कापड मधे झोळ पडून पाण्याला टेकले. ओल्या कापडावर डास बसतो आणि तिथेच अंडी घालतो, म्हणजे केले ते वाया. तेव्हा वेळूच्या दोन कामट्या आडव्या-उभ्या बांधून काठावर ठेवल्या, वरून कापड ताणले, आणि पिंप चार बोटे कमी भरू लागले.

राहिली नळाची नळी. ती घालायला दर वेळी नाडी सोडावी लागे. यावर धाकट्या सुनेने तोड काढली. ह्यांच्या फाटक्या सदऱ्याची एक बाही कापून ती कापडाला भोक पाडून तिथे शिवली. नळ आला की बाहीतून नळी आत, पिंप भरले की नळी बाहेर आणि बाहीला गाठ. एका हाताचा सदरा घातलेले पिंप पाहून लोक हसतात. हसू देत.

कापड बांधण्याआधी पिंप आतून काथ्याने जोर लावून घासायचे, नाहीतर चिकटलेल्या अंड्यांचे डास आतच तयार होतात. पुढेही पाणी तळाला गेले की, नळ यायच्या आत घासायचे. सिमेंटच्या हौदाचा काठ ओबडधोबड असतो, तिथे नाडी चालत नाही. जुन्या लुगड्याच्या काठाची लांब पिशवी शिवून तिच्यात वाळू भरावी आणि कापडावरून काठाभोवती ठेवावी. काठ जसा असेल तशी ती बसते.

संडासाच्या टाकीच्या हवेच्या नळीलाही वर जाळी बांधून टाका. तिथला डास घाण पाण्यातला, हत्तीपायाचा.

मिरचीच्या रोपांवर हीच मच्छरदाणी चालेल का, असे एका भगिनीने विचारले आहे. चालणार नाही. पांढरी माशी जेमतेम एक मिलिमीटरची, ती मच्छरदाणीच्या भोकातून सहज जाते. रोपवाटिकेला चाळीस मेशची नायलॉन जाळी आणावी, वेळूच्या कमानींवर ताणून तिच्या कडा मातीत पुराव्या. फुलकिडा मात्र तिच्यातूनही शिरतो, तेव्हा पाने रोज उलटून पाहावी. लावणीच्या आठवडाभर आधी जाळी थोडी थोडी उघडी ठेवावी, म्हणजे रोपे उन्हाला सोसतात.