जर्सी जपली, खेळाडूचं काय?



राणी रामपालने ऑक्टोबर 2024मध्ये हॉकीतून निवृत्ती घेतली. वय अवघं 29. हॉकी इंडियाने तिची 28 नंबरची जर्सी कायमची राखून ठेवली. टाळ्या मीही वाजवल्या, पण मनात सल राहिला.

शहाबादच्या गाडीवानाची ही मुलगी चौदाव्या वर्षी भारतीय संघात आली. 2021च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तिच्या नेतृत्वाखाली संघ चौथा आला. पुढच्याच वर्षी दुखापतीमुळे ती विश्वचषकाच्या संघाबाहेर राहिली. 2023मध्ये परतली, पण जागा पक्की झाली नाही.

नव्या मुलींना संधी मिळालीच पाहिजे. राणीलाही ती तशीच मिळाली होती. पण जरा हिशोब मांडू या. पुरुषांची हॉकी इंडिया लीग 2013 ते 2017 चालली. बायकांची सुरू झाली जानेवारी 2025मध्ये, राणीच्या निवृत्तीनंतर. 2024च्या लिलावात पुरुषांच्या संघाला 4 कोटी होते, बायकांच्या संघाला 2 कोटी. सर्वांत मोठी बोली हरमनप्रीत सिंगवर 78 लाखांची, उदिता दुहानवर 32 लाखांची. राणी लीगमध्ये आली ती सूरमा संघाची मार्गदर्शक म्हणून. खेळून कमावण्याची वर्षं सरली होती.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. संघातून वगळताना खेळाडूला कारण लेखी द्या. दुखापतीच्या काळात उपचार आणि मानधन चालू ठेवा. लिलावात बायकांना बरोबरीची रक्कम द्या.

आज संघात येणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरींवर उद्या हीच पाळी येऊ नये, यासाठी आपण आत्ताच आवाज उठवायला हवा.