गृहपाठाला शिफ्ट लावू नका

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांच्या घरात शिफ्ट बदलली की सगळ्यांचं वेळापत्रक बदलतं. पप्पा फर्स्टला असले तर अभ्यास दुपारी चारला. सेकंडला असले तर आईचा स्वयंपाक उरकल्यावर, रात्री नऊला. नाइट असेल तर दिवसभर ‘हळू बोल, पप्पा झोपलेत’. बरीच मुलं हे निभावून नेतात. एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण आणि अतिचंचलता) असलेल्या मुलाला मात्र वेळेचा अंदाज घेणं, काम सुरू करणं आणि ते धरून ठेवणं मुळातच जड जातं. तो आळशी नाही, आणि तुमचे संस्कारही कमी पडलेले नाहीत.

म्हणून विनंती, त्याच्या अभ्यासाची वेळ शिफ्टला बांधू नका. खेळून-खाऊन झाल्यावर, समजा साडेसहा. रोज तीच वेळ, तीच जागा, मग घरात कोणीही असो. दोन खोल्यांत वेगळं टेबल कुठून आणणार? चटई चालेल, फक्त टीव्ही बंद, समोर एकच वही, आणि मोबाइल पलीकडच्या खोलीत. तुमचासुद्धा! दहा गणितं असतील तर तीन दाखवा, बाकीची कागदाने झाका. दहा मिनिटांचा गजर लावा, तो वाजला की चार उड्या मारू द्या. उभ्याने पाढे म्हटले तर बिघडलं काय? शाबासकी तिथल्या तिथे द्या, वार्षिक परीक्षेनंतरची सायकल त्याला फार लांब वाटते. सेकंडवाल्या पप्पांनी सकाळी वही बघावी, पण चुका काढायला नव्हे.

एवढं करूनही रोज रडारड होत असेल तर शाळेत जा. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. पण त्यावरून भांडू नका. ‘बाई, निम्मी गणितं दिली तर चालतील का?’ एवढं विचारा.

प्रत्येक दंगेखोर पोराला मात्र एडीएचडी हे नाव चिकटवू नका. लक्षणं बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली, किमान सहा महिने टिकलेली आणि घरी-शाळेत दोन्हीकडे असावी लागतात. डोळे, कान आणि वाचनातली अडचणही तपासून घ्या. त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कोणाशी नुसतं बोलायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, नाइट संपवून आल्यावरही लावता येतो.