बाई रजेवर जाताना

इंदापूर तालुक्यातल्या एका शिक्षिका भगिनीचं पत्र आलं आहे. जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, पट ४७. पहिली-दुसरी गुरुजींकडे, तिसरी-चौथी यांच्याकडे. पहिलीच खेप आहे. डॉक्टरांनी जानेवारीचा पहिला आठवडा सांगितला आहे आणि नोव्हेंबरच्या अखेरीस रजा सुरू करून त्या माहेरी जाणार आहेत. “वर्गाची काय काय तयारी करून ठेवू? जे राहील ते परत आल्यावर भरून काढीनच,” असं त्या लिहितात.

त्या शेवटच्या वाक्यापाशी मी थांबले. ताई, भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि बोटं मोजा. राज्य सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या नोकरीत २००९ पासून प्रसूती रजा १८० दिवसांची आहे (दोनपेक्षा कमी अपत्यं हयात असतील तर), आणि ती आपल्या खात्यावरच्या इतर रजेतून वजाही होत नाही. २५ नोव्हेंबरला रजा धरली तर ती २३ मेपर्यंत जाते. तोवर उन्हाळ्याची सुट्टी लागलेली! म्हणजे तुम्ही वर्गात याल ते एकदम जूनच्या मध्याला. तेव्हा आजची तिसरी चौथीत आलेली असेल, ती पुन्हा तुमच्याच हाताखाली. पण आजची चौथी पाचवीला दुसऱ्या शाळेत गेलेली असेल. त्यांचं भरून काढायला तुम्हाला दिवसच नाही. म्हणून तयारी दोन्ही वर्गांची सारखी करायची नाही. दिवाळीपर्यंतचा तुमचा जास्तीचा वेळ चौथीतल्या त्या चार-पाच मुलांना द्या, ज्यांचं वाचन अजून अडखळतं आणि हातचा घेताना बोटं थांबतात. तिसरीवाल्यांना तुम्ही पुढच्या वर्षी आहातच.

दुसरी गोष्ट बदलीच्या बाईंची. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० पटापर्यंत दोन शिक्षक हवेत. पण दोनातला एक रजेवर गेला की दुसरा लगेच हजर होतोच, असं आपण सगळ्याजणी पाहत नाही. केंद्रप्रमुखांना आत्ताच लेखी कळवा, मुख्याध्यापकांची सही घ्या, पोच जवळ ठेवा. तरीही मनाची तयारी अशी ठेवा, की काही दिवस गुरुजी एकटे आणि चार वर्ग एकाच व्हरांड्यात. तेव्हा वर्ग आपला आपण चालला पाहिजे. त्याची सवय दसऱ्यापासूनच लावायला हवी. रोज अर्धा तास तुम्ही खुर्चीवर गप्प बसून पाहा. पाचपाच जणांचे गट, प्रत्येक गटात एक बरं वाचणारा, पाढ्यांची आणि शब्दांची कार्डं जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर लिहून बुटाच्या खोक्यात. खोकं कोण काढणार, कोण मोजून परत ठेवणार हे ठरलेलं. पहिल्या आठवड्यात गोंधळ होईल, होऊ द्या. निमगाव केतकी, अंथुर्णे अशा पालखीच्या वाटेवरच्या गावांतली मुलं वारकऱ्यांना पाणी द्यायला कशी रांगेने उभी राहतात! तीच मुलं कार्डांचं खोकं सांभाळणार नाहीत होय?

आता वहीचं. मी बारामतीत तासिकेवर शिकवते आणि दोन वेळा दुसऱ्या बाईंच्या रजेत त्यांच्या वर्गावर उभी राहिले आहे. दोन्ही वेळा हातात काय मिळालं? हजेरीपत्रक, टाचण, मूल्यमापनाची नोंदवही, अगदी व्यवस्थित. पण मागच्या बाकावरचा मुलगा हाक मारली तरी बघत नाही, तो उर्मट म्हणून नव्हे तर डाव्या कानाने ऐकू येत नाही म्हणून, हे मला पंधरा दिवसांनी त्याच्या आजीकडून कळलं. त्या पंधरा दिवसांत तो पोर माझं किती बोलणं खाऊन बसला असेल!

म्हणून शंभर पानी एक साधी वही करा, एका मुलाला एक पान. कुठे बसतो आणि का. कोणत्या पाठापर्यंत आलाय. चष्मा आहे पण घालत नाही. सकाळी उपाशी येते, खिचडीची वाट बघते. धाकट्या भावाला अंगणवाडीतून घ्यायचं असतं म्हणून पाच मिनिटं आधी सोडावं लागतं. कशाने खुलतो हेही लिहा, फळा पुसायला दिला की दिवसभर सोन्यासारखा वागतो वगैरे. मात्र ‘वात्रट’, ‘मठ्ठ’ असले शिक्के नकोत. घरातली भांडणं, बापाचं पिणं हे तर मुळीच नको, वही कुणाच्याही हाती पडते. तसलं काही सांगणं खरंच गरजेचं असेल तर तोंडी सांगा, आणि फक्त त्या बाईंनाच.

वहीत दहा पानं कोरी ठेवा. दिवाळी झाली की भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर या कारखान्यांच्या भागात बीडकडून, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, कोप्या पडतात, आणि नवी पोरं शाळेच्या दारात येतात. नेमकं त्याच वेळी तुम्ही नसाल! त्यांच्यापैकी काहींकडे शिक्षण हमी कार्ड असतं, काहींकडे काहीच नसतं. चार पाट्या, जुनी पाठ्यपुस्तकं कपाटात वेगळी काढून त्यावर तसं लिहून ठेवा. नाहीतर नवीन माणूस ‘पुस्तक नाही तर बस मागे’ म्हणतो, आणि ते मूल दोन दिवसांनी फडावर वाढं गोळा करायला जातं ते परत येत नाही.

पोषण आहाराची रोजची ऑनलाइन नोंद, पासवर्ड, कपाटाच्या किल्ल्या हे गुरुजींच्या हवाली सहीनिशी करा. पहिल्या सत्राचे पेपर तपासून, श्रेणी भरून मगच निघा. दुसऱ्याने घेतलेल्या परीक्षेचे पेपर तपासणं म्हणजे दुसऱ्याने मळलेल्या कणकेच्या पोळ्या लाटणं. आणि हो, स्टुलावर चढून तक्ते लावण्याचे उद्योग आता बंद. ते काम गुरुजी करतील.

सासूबाईंचं म्हणणं, मुलांना सांगू नका, दृष्ट लागते. त्यांचा मान ठेवून मी एवढंच म्हणेन, की सातव्या महिन्यात साडीच्या निऱ्या काही लपवत नाहीत. मुली तर आधीच ओळखतात आणि आपापसांत कुजबुजतात. बाई एक दिवस अचानक दिसल्या नाहीत, तर लहान मुलांना वाटतं आपल्यावर रागावून गेल्या. डोहाळजेवण झालं, हिरव्या बांगड्या भरल्या की त्या आठवड्यातच सांगा. सासूबाईंनाही त्या मुहूर्ताला हरकत नसावी. “मला बाळ होणार आहे, म्हणून मी माझ्या आईकडे जाणार. तिसरीची मुलं मला जूनमध्ये भेटतील.” चौथीला खोटी आशा लावू नका. “तुम्ही तेव्हा मोठ्या शाळेत असाल, येता-जाता मला भेटायला या,” असं सरळ सांगावं. बदलीच्या बाई मिळाल्या तर दोन-तीन दिवस त्यांच्यासोबत वर्गात थांबा, आणि आपले नियम मुलांकडूनच त्यांना सांगायला लावा.

माहेरी गेल्यावर शाळेचा फोन येणार, हे धरून चला. गुरुजींना शनिवारची सकाळची शाळा सुटल्यानंतरची वेळ ठरवून द्या. बाळंतपणानंतरचा पहिला महिना फोन आईच्या हाती असू द्या, किल्ली कुठे आणि रजिस्टर कुठे हे आईसुद्धा वहीत बघून सांगू शकतील.